काज

कुमासीच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर
मी मेणात बसवते बायकांचे तुकडे.
मेण थंड झालं की पातं फिरतं,
चार मायक्रॉनचा पापुद्रा
कोमट पाण्यावर पसरतो, कांद्याच्या आतल्या पडद्यासारखा.
तो काचेवर उचलायला स्थिर हात लागतो, आणि वीज.
विजेला आम्ही म्हणतो डुमसोर,
गेली-आली, एकाच शब्दात दोन्ही.
ती गेली की फ्रिज कुणी उघडू नये म्हणून
मी त्याला पाठ लावून उभी राहते.
आत अँटिबॉडीच्या तीन कुप्या.
चौथी बंदरावर अडकलेली.

त्या आठवड्यात दोन नंबर लागोपाठ आले.
४११७, पोकुआ, एकसष्ट, धुरावलेली मासळी विकते.
४११८, न्यार्कोआ, अडतीस, केजेटिया बाजारात
बटणं, चेन, अस्तराचं कापड.
फॉर्मवर धंद्याचा रकाना नसतो.
दोघी बाकावर बसून होत्या, मीच विचारलं.
न्यार्कोआने माझ्या एप्रनचं लोंबतं बटण पाहिलं
आणि पिशवीतून सुई काढली.

पेशीला काज असतं, असं मी त्यांना सांगितलं असतं,
त्यांनी विचारलं असतं तर.
इस्ट्रोजेनचं बटण त्यात बसतं आणि पेशी वाढते.
मग गोळी द्यायची.
गोळी काज शिवून टाकते.
पोकुआच्या काचेवर केंद्रकं तपकिरी झाली,
दहातली नऊ, वाळवलेल्या कोकोसारखी.
दुसऱ्या काचेवरही. तिसरी कोरी.
चौथी कुपी बावीस दिवसांनी आली:
वाढीचा आकडा सात टक्के.
ल्युमिनल ए, डॉक्टर बोआहेन म्हणाले, चांगली जात आहे,
जणू मक्याच्या बियाण्याबद्दल बोलत होते.

४११८.
पहिली निळी. दुसरी निळी. तिसरी निळी.
मी शेजारचा कंट्रोल पाहिला, तो तपकिरीच होता,
म्हणजे रंगाची चूक नाही, माझीही नाही.
नन्नाचा पाढा.
वाढीचा आकडा ऐंशी.
बटणं विकणाऱ्या बाईच्या पेशीला
एकही काज नाही.
टाका घालणार कुठे?
मग सगळं कापडच उकळायचं.

आमच्याकडे वार नाव देतो,
मंगळवारची अबेना, शुक्रवारची अफिया,
आईने उचलून घेण्याआधीच ते असतं.
या गाठीचं नाव मात्र
तिच्यात जे नाही त्यावरून ठेवलंय.
ट्रिपल निगेटिव्ह.
असं कुणी पोराचं ठेवतं का?

पुस्तकात दोन रेषा असतात.
एक पहिल्या तीन वर्षांत जिन्यावरून पडल्यासारखी,
आम्हाला शिकवताना खडू तिथेच थांबायचा.
पाच वर्षांपुढे ती जवळजवळ आडवी होते
हे मी नंतर एकटीने वाचलं.
दुसरी, चांगल्या जातीची,
उतरत राहते, दहा, पंधरा, वीस वर्षं,
पावलांचा आवाज न करता.
रेषा शेकडोजणींची असते.
दारातून एकच येते.

नऊ वर्षं झाली.
मागच्या महिन्यात पोकुआ आली, पाठ दुखते म्हणत.
मणक्यातला कण मेणात बसवला,
जुनी काच कपाटातून काढून शेजारी ठेवली.
दोन्ही तपकिरी. काज जागेवर आहे,
म्हणजे अजून एक गोळी आहे,
तिच्यामागे आणखी एक.
हे तरी मी तिला सांगू शकले.
तिने विचारलं, किती वर्षं?
मी काच पुसत राहिले.

न्यार्कोआचा गाळा आता नव्या इमारतीत आहे.
केमोने तिची बोटं बधिर केली ती तशीच राहिली,
बटणं ती डोळ्यांनी मोजते,
डझनात एखादं जास्तच जातं.

माझा तो एप्रन फाटला, टाकून दिला.
तिने लावलेलं बटण निघेना.
शेवटी कापडासकट कापून घेतलं.