कडी

जिंतूरच्या उपविभागात, पंखा बंद पडलेल्या दुपारी
मी लिहिते : दाराला कडी असावी.
आणि थांबते.

मागच्या निविदेत हेच लिहिलं होतं कुणीतरी.
कुणीतरी कशाला, खाली सही माझीच आहे.
दराड्यांनी कडी बसवली. चांगली, पितळी.
बाहेरून.
"म्याडम, असावी म्हणलंत. हाय की."
खोटं नव्हतं त्यांचं.

शाळा पाहायला गेले तेव्हा
सातवीतली मुद्रिका न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी,
हात मागं, मुठीत कोयंडा.
आत मैत्रीण.
"पाळीपाळीनं धरतो आम्ही," म्हणाली.

विध्यर्थ शिकलो होतो आम्ही,
इच्छा, शक्यता, योग्यता, कर्तव्य
सगळं एकाच प्रत्ययात :
देवाने सुखी ठेवावे. आज बहुधा पाहुणे यावेत.
मुलांनी खरे बोलावे.
कडी असावी.
एवढ्या रुंद प्रत्ययातून दराडे आरामात जातात,
ट्रॅक्टरसकट.

आमच्याकडं रस्ता विचारा,
'हे काय, इथंच हाय' म्हणतात,
आणि इथंच म्हणजे दीड कोस.
त्यात माया असते, चालणाऱ्याचा धीर सुटू नये म्हणून.
मीही घरी तशीच बोलते, मीठ चवीपुरतं, येते पाच मिनिटांत.
इथं मात्र माया मिलिमीटरमध्ये लिहावी लागते.

तर खोडते 'पुरेसा उजेड'. कुणाला पुरेसा?
खोडते 'योग्य उंचीवर', 'चांगल्या प्रतीची',
'शक्यतो' दोनदा, ढेकणासारखा परत येतो तो.
लिहिते :
कडी दाराच्या आतील बाजूस बसवणे बंधनकारक.
फरशीपासून उंची नऊशे मिलिमीटर.

नऊशे कुठून आणलं, साहेब विचारतील.
पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या पोरीच्या टाचेशी
टेपचं टोक धरलं होतं मुद्रिकेनं,
आणि ती बुटकी, डोळे मिटून,
हवेत कडी लावत होती.

आता 'आतील' वाचते पुन्हा.
दराड्यांना आत म्हणजे कुठं?
'वापरणारी व्यक्ती ज्या बाजूस असेल ती बाजू.'
ओबडधोबड आहे वाक्य. राहू दे.

चहावाला दारात. किती?
दोन, म्हणते.
तो जात नाही.
"दोन फुल, का एकात दोन?"