एकेचाळिसावं सबटायटल

लुसिंडानं स्कूटर विकली, त्यात चार दिवस आले.
कॅमेरा म्हापशाच्या लग्नवाल्या फोटोग्राफरचा,
लेन्सच्या झाकणावर अजून कुणाच्या तरी हळदीचं बोट.
माइक गरीच्या काठीला बांधलेला
आणि काठीला मी.
आवाज माझा, सबटायटलं माझी,
रोज सकाळी पोदेराकडून वीस उंडे आणायचे, तेही माझंच.

गोष्ट एवढीच:
दिवाडीच्या बांधावर मानशीचं दार राखणारी एक,
आणि फेरीबोटीतून उतरलेली दुसरी,
जिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव
आता तिच्याशी बोलत नाही.
दोघी प्रेमात पडतात. कुणी मरत नाही.
'मग क्लायमॅक्स कुठंय?' फोटोग्राफरनं विचारलं.
लुसिंडा म्हणाली, 'हाच.'

दुसऱ्या दिवशी घरमालकानं किल्ली परत मागितली.
ओरडला नाही. तुळशीकडे बघत म्हणाला,
'आमगेर पुजा आसता.'
ॲडव्हान्समधले दोनशे कापून घेतले, विजेचे.
म्हणून चुंबन फेरीबोटीवर.
रात्रीची शेवटची खेप.

केतकीचा पहिला संवाद दोनच शब्दांचा:
'हांव आयलें.'
पुरुष म्हणतो आयलों, मुलगी म्हणते आयलें.
मराठीतही तेच, आलो आणि आले.
फरक एका कान्याचा.
तो काना उतरवायला केतकीला एकोणतीस वर्षं लागली,
साखळीच्या बाजारात, बँकेच्या खिडकीत,
आईच्या बाराव्याला, जिथं तिला मागच्या दारानं घेतलं.
एकवीस रीटेक झाले.
एकवीसही वेळा शब्द बरोबर,
एकवीसही वेळा तो उच्चारण्याआधी
तिनं आजूबाजूला पाहिलं.
शेवटी लुसिंडा म्हणाली, पाहू दे. तेच ठेवू.

बोटीच्या इंजिनाखाली माझ्या हेडफोनात
श्वाससुद्धा येईना.
तांडेल शाणू वरून सगळं बघत होता.
काही विचारलं नाही त्यानं. म्हणाला,
'एक मिनीट बंद करतां. चड ना. उदक व्हरता.'

आणि मांडवीच्या मधोमध सगळं थांबलं,
आम्ही सोडून. ओहोटी आम्हाला
तिरपं तिरपं नेत होती,
साखळदंडाचं एक कडं दुसऱ्यावर हलकेच आपटत होतं,
आणि त्या दोघी.
पन्नासाव्या सेकंदाला कुणाच्या तरी खिशात
आरती वाजली.
ती काढता आली नाही. काढलीही नाही.

धक्क्याला लागल्यावर शाणूनं केतकीकडे मान केली:
'तें जेवलें?'

तें.
याच शब्दाचं मराठी रूप
शाळेच्या व्हरांड्यातून पोरं तिच्या पाठीवर मारायची,
हे तिनं मला कालच सांगितलं होतं.
काठी घेऊन मी वळलेच होते, तेवढ्यात
'आमचें चेडूंय अशेंच,' शाणू म्हणाला,
'काम आसलें काय तें जेवना.'

मला माहीत नव्हतं असं नाही.
माशेलात वाढले, घरात कोंकणी, दप्तरात मराठी;
मलाही सगळे तेंच म्हणत मोठी होईपर्यंत.
पण त्या रात्री कान उगारूनच उभी होते.
केतकी हसली, आधी कुणाकडेही न पाहता.
तेव्हा कॅमेरा बंद होता.

शाणूचा आवाज मात्र चालू माइकवर आलाय.
लुसिंडानं तो शेवटी ठेवलाय, पडदा काळा झाल्यावर.
मी लिहिते: ती जेवली?
खोडते.
ते जेवलं?
खोडते.
एकेचाळीस नंबर रिकामा, खाली वेळ पळतेय.

काल पहाटे दोनला घरी पोचले.
आतून आईनं विचारलं, कोण?
'हांव आयलें.'
फुकटात म्हटलं. एका टेकमध्ये.
आणि दारातच उभी राहिले थोडी.
'जेवलें गो?'
हो म्हटलं. खोटं.
लुसिंडाचा फोन येत होता,
म्हणून झाकलेलं ताट तसंच उचलून गच्चीवर गेले.