गाळा नंबर बेचाळीस

सांगलीच्या मार्केट यार्डात, पोत्यावर बसून
आदगोंडा तात्यांच्या हाती मोबाईल दिला.
"भाव टाका. मी काही सांगणार नाही."

हळदीचा अंगठा 'पुढे'ला वळसा घालून
कंपनीच्या नावावर जाऊन दाबत राहिला.
"माझंच चुकत असंल, पोरी."

हे वाक्य सात गाळ्यांवर ऐकलंय.
एकदाही खरं नव्हतं.

मग त्यांनी रुमाल पसरला,
खाली माझी बोटं धरली,
दोन दाबली, एक सोडलं.
"ह्यो भाव. कळला न्हवं?"
कळला. एका दमात.

रात्री विश्रामबागेतल्या खोलीत
फोन पुसायला घेतला आणि थांबले.
काचेवर पिवळा ठसा, कंपनीच्या नावावर.
नाव काढलं.
बटण उचलून ठशाखाली ठेवलं.

साहेब उद्या ओरडतील.
ओरडू देत, फोन त्यांच्याच हातात देईन,
न पुसता.