सोलापुरात टेकडी कुठली

मुंबईला रक्त एकटं जात नाही.
सोबत एक निरोगी रक्त लागतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि ते नात्यातलं नको.
रात्रीची गाडी गाठायची होती. सिव्हिलच्या फाटकाशी
दस्तगीरभाई रिक्षात बसून शेंगा सोलत होते.
टरफलं झटकली, बाही वर केली,
विचारलं एवढंच, "पोराला लई टोचलं का?"

तीन नळ्या, थर्माकोलचा एक डबा.
श्रीहरीची, माझी, आणि नईजिंदगीच्या दस्तगीरभाईंची.

कागद आला तो टेकड्यांचा.
बाईंनी पेनाच्या टोपणानं दाखवलं:
पांढरी पेशी जंतू गिळते, मग आत ठिणगी पडते,
ठिणगीनं रंग उजळतो,
जितका उजळेल तितकी टेकडी उजवीकडे सरकते.
दस्तगीरभाईंची सरकत सरकत कागदाच्या कडेला गेलेली.
श्रीहरीची होती तिथंच उभी.

"सैनिक आहेत हो, पण बंदुकीत गोळी नाही,"
बाई समजावत होत्या.
मला बंदुकीचं काय कळणार.
मी कांड्या भरते. आठ वर्षांची होते तेव्हापासून भरते.
मला दिसला तो माग:
पट्टा फिरतोय, धोटा जातोय, येतोय,
खटखट गल्लीभर,
आणि कांडीवर सूतच नाही.
दिवसभर चालून
टॉवेल एक वीतही पुढं सरकत नाही.

म्हणून ते गळू काखेत. म्हणून ते यकृतातलं.
म्हणून कापलं, पुसलं, शिवलं तरी
गिळलेला जंतू आत जिवंत, घर करून.

मग माझा कागद.
माझ्या दोन टेकड्या.
निम्म्या पेशी पेटतात, निम्म्या नाहीत,
आणि निम्म्यांवरच माझं सगळं निभावलं,
साधा तापसुद्धा दोन दिवसांवर टिकला नाही कधी.
दुरंगी चादर मी. पोराला पालटी बाजू गेली.

अम्मा, तुझ्याही दोनच असणार.
नागनाथ अडीच वर्षांचा असताना गेला, मानेवर गाठी घेऊन.
धाकट्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं.
साखर पेठेत तुला म्हणायचे पांढऱ्या पायाची.
पांढरं होतं ते पायात नव्हतं गं.
हे सांगायला मी अकरा वर्षं उशिरा आले,
आणि तुझ्या फोटोला ऐकू येत नाही.

श्रीहरी जन्मला तेव्हा सासरे म्हणाले, मार्कंडेय ठेवू.
आपला देव, आपलं कुळ.
मी नको म्हटलं. सोळा वर्षांची अट
कोण आपल्या हातानं घालून घेतं?
कारण तेव्हा ठाऊक नव्हतं. भीती ठाऊक होती.

आता भिंतीवर तक्ता आहे.
सकाळी जंतूची गोळी, रात्री बुरशीचं औषध, दोन्ही रोज,
बरा दिसला तरी रोज.
कडब्याजवळ नाही. कुंडीतली माती नाही.
माग झाडताना तो शेजारी पार्वतीअक्काकडे.
गड्ड्याला नेत नाही, तिथली धूळ.
पाळणा दिसतो गच्चीवरून, रात्री लाल-निळा,
तो बोटानं त्याच्यासोबत फिरतो.
काखेत शंभर लागला की विचार करायचा नाही,
पिशवी दारामागे भरलेली असते.

दस्तगीरभाईंनी परवा अशोक चौकात रिक्षा थांबवली.
"माझं काय निघालं, ताई?"
एक टेकडी, म्हटलं, मोठ्ठी.
ते हसले. "सोलापुरात टेकडी कुठली?"
भाडं घेतलं नाही.

रात्री वीज गेली, माग थांबले,
तेवढ्या शांततेत पद्मजानं विचारलं,
नऊ वर्षांची आहे, कागद तिनंही पाहिलाय,
"माझ्या किती, मम्मी?"

हातात अर्धी भरलेली कांडी होती.
वीज येईपर्यंत
मी तिचं टोक शोधत राहिले.