फळ्यावरचा मे महिना

रविवारी दहाला पोरांसाठी गोष्टी.
बुधवारी सातबारा वाचायला शिकवतील
निनावे सर, निवृत्त तलाठी.
शनिवारी चारला कविता.

खडू ठेवता ठेवता खाली लिहितो,
जरा मोठ्या अक्षरात:
कूलर सुरू राहील.

गेल्या साली कवितेला अकरा जण होते.
त्यातले नऊ वाळ्याच्या वासाला आले होते,
मला ठाऊक आहे, खुर्च्या मीच मांडल्या.
सक्करदऱ्याचे हेडाऊ तर
पहिल्या कडव्याला डुलकी, दुसऱ्याला घोरणं.

मग लाइट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला.
बाहेर शेहेचाळीस.
माणसं उठली, वहीनं वारा घेत
जिन्याकडे निघाली.

त्या शांततेनं हेडाऊ जागे झाले.
इकडेतिकडे पाहिलं, डोळे पुसले, म्हणाले,
"थांबल्या काहून, बाई?
वाचा नं."