हलकी

तुझ्लातल्या गार गॅरेजात
नेदिम नवी व्हेस्ट घालून उभा.
"बाबा, पट्टा ओढ ना."

तीन आठवडे रंगावरच घालवले त्याने,
शेवटी पाचोळ्याचा घेतला.
पाऊच डावीकडे, रेडिओ खांद्याशी,
पाण्याची पिशवी पाठीवर.
आत पोलाद नाही, फोमची प्लेट.
"लागणार काय, तर प्लास्टिकचे मणी!"

वेल्क्रो चर्रकन उकलतो मी.
प्लेट खाली बसलीय.
वर घेतो, गळ्याच्या खळगीपर्यंत.
"एवढी वर? कशाला?"

त्या हिवाळ्यात नऊ जणांत एक व्हेस्ट होती आमच्यात,
पाळीपाळीने घालायचो.
त्या दिवशी एनेसची पाळी नव्हती.

"वाकून बघ," म्हणतो, "टोचते?"
तो वाकतो, उडी मारतो, हात हलवतो.
"छे! कळतसुद्धा नाही अंगावर आहे ते."

असू दे.
पट्टा आणखी एक बोट आवळतो.