उत्तेजनार्थ

मोटरसायकल गुल्हानेनं नेली.
फ्रीज पुसदच्या माणसानं, मिक्सर आणखी कुणीतरी.
मग शिरभाते साहेबांनी चष्मा पुसला,
कागद उलटा करून पाहिला
आणि माझं नाव घेतलं.

नाव चुकलंच. ढोकणेचं ढाकणे झालं.
तरी मी उठलो,
कारण पुढचे तीन शब्द माझेच होते :
दारव्हा तालुका, उत्तेजनार्थ.

हा शब्द त्याआधी ऐकला होता चौथीत,
लिंबू-चमच्याच्या शर्यतीत.
लिंबू दोनदा पडलं, दोनदा मी ते उचललं.
गुरुजींनी टोक न केलेली पेन्सिल दिली,
ती मी सहावीपर्यंत पुरवली.
तेव्हा त्या शब्दाला काही अर्थ असावा.

आता चौतीस गावं,
अकराशे सहा कट्टे ढेप,
लाडखेडच्या पुलाजवळ फुटलेले दोन,
त्यांचे पैसे पगारातून गेले,
आणि बोरी अरबची एक म्हैस,
ती रात्री दोन वाजता व्याली
तेव्हा मोबाईलचा टॉर्च धरून मी उभा होतो.
मालक म्हणाला, आता ढेप तुमचीच घेन भाऊ.
या सगळ्याची बेरीज
साहेबांनी हातात दिली :
लेमन सेट.
खोक्यावर फुलं, फुलांवर कंपनीचं स्टिकर.

काहीच दिलं नसतं तर बरं होतं.
रिकामा हात खिशात घालता येतो.
खोकं मांडीवर घेऊन बसावं लागतं,
आणि एसटीत शेजारचा विचारतो,
लग्नाहून येऊन राह्यले काय?
मी म्हटलं, हाव.

मयतीला सांत्वन करायला लोक येतात
ते निदान हळू बोलतात,
चपला बाहेर काढतात,
चहा नको म्हणतात.
इथं टाळ्या वाजल्या.
इथं फोटोवाला म्हणाला,
ढाकणे साहेब, जरा हसा,
आणि मी हसलो,
हे मला अजून पटत नाही.

नलूनं खोकं उघडलं, गिलास मोजले.
"पाचच हायेत."
मग जग उजेडाकडे धरून म्हणाली,
"बरं हाये पन."
ती वाईट बोलली असती
तर मला भांडता आलं असतं.

उन्हाळ्यात नेरच्या एका लग्नात
आम्ही तो आहेर करून टाकला.
आहेर कोणी मोजत नाही.

परवा नव्या खोलीची वास्तू केली.
गुल्हाने आला, त्याच मोटरसायकलवर,
आरसा एकाच बाजूला उरलेला.
कॅरिअरला दोरीनं बांधलेलं खोकं,
वर फुलं,
फुलांमध्ये नखानं खरवडलेला एक चौकोन.

मी नलूकडे पाहिलं.
ती आत गेली. मोजून आली.
दारातून बोटं दाखवली : सहा.

म्हणजे आमचा नाही.
म्हणजे यंदा त्याचं नाव घेतलं
कागद उलटा करून.
बरोबर घेतलं की चुकवलं,
हे मी विचारलं नाही.
तो पंख्याकडे बघत होता,
पंखा कोणत्या कंपनीचा म्हणाला.

नलूनं नवेच गिलास विसळले,
लिंबू पिळलं,
एक त्याला दिला, एक मला.
साखर फार झाली होती.
आम्ही दोघांनी
तळापर्यंत प्यायलो,
आणि तो म्हणाला, आणखी अर्धा चालेल.